ओपनस्टॅक्सची फिजिक्सची पुस्तकं वर्गात वापरून बघितल्यावर: प्राध्यापक मंडळींसाठी सविस्तर रिव्ह्यू

ओपनस्टॅक्सबद्दल आपल्याकडे बऱ्याच जणांना एवढंच माहिती असतं की तिथे पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, ती लिंक एकदा डिपार्टमेंटच्या ग्रुपवर फॉरवर्ड झाली की चार अंगठे येतात आणि विषय तिथेच संपतो. मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात बीएस्सीला फिजिक्स शिकवते आणि फर्स्ट इयर, सेकंड इयरला आता हीच पुस्तकं मेन टेक्स्ट म्हणून लावतेय, त्यामुळे म्हटलं नीट लिहावं की काय चांगलं आहे, कुठे अडतं आणि वापरायचं म्हणजे नक्की काय करायचं. हे मी मुद्दाम शिक्षकांसाठी लिहितेय कारण पुस्तक मुलं निवडत नाहीत, आपण वर्गात नाव सांगतो आणि ती जाऊन घेतात, पैसे त्यांच्या घरचे जातात. आपण सांगितलेलं पुस्तक न परवडणारी मुलं काही बोलत नाहीत, ती गाईडवर आणि सिनियरच्या नोट्सच्या झेरॉक्सवर वर्ष काढतात, आणि आपण पेपर तपासताना म्हणतो की हल्ली मुलं टेक्स्टबुक वाचतच नाहीत.

आधी थोडं हे प्रकरण आहे काय ते. अमेरिकेत ह्यूस्टनला राइस युनिव्हर्सिटी आहे, तिथले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक रिचर्ड बॅरान्युक यांनी १९९९ मध्ये कनेक्शन्स नावाचा प्रकल्प सुरू केला होता, कल्पना अशी की कोर्सचं साहित्य छोट्या छोट्या तुकड्यांत सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं आणि ज्याला जसं हवं तसं त्याने जोडून घ्यायचं. कल्पना छानच होती पण वर्ग चालवणाऱ्या शिक्षकाला हातात सलग, तपासलेलं, पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या प्रकरणापर्यंत एका सुरात लिहिलेलं पुस्तक लागतं, तुकडे जोडत बसायला कोणाला वेळ आहे. मग २०१२ मध्ये त्याच घरातून ओपनस्टॅक्स आलं, सुरुवातीच्या पुस्तकांत कॉलेज फिजिक्स आणि सोशिऑलॉजी ही दोन होती. ह्युलेट फाउंडेशन, गेट्स फाउंडेशन अशा संस्थांच्या अनुदानातून पुस्तक तयार करायचा खर्च होतो, विषयातले प्राध्यापकच लिहितात आणि दुसरे प्राध्यापक तपासतात. हे सांगायचं कारण म्हणजे स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न हमखास येतो की फुकट आहे म्हणजे दर्जा काय असणार. खर्च झालेलाच आहे, तो वाचकाकडून न घेता आधीच कोणीतरी उचललाय, एवढाच फरक आहे.

फिजिक्समध्ये त्यांची कॉलेज पातळीवरची दोन मुख्य पुस्तकं आहेत आणि इथे घोळ होतो म्हणून आधीच सांगते. कॉलेज फिजिक्स हे कॅलक्युलस न वापरता लिहिलंय, त्याची दुसरी आवृत्ती २०२२ ची आहे. ते आपल्या बीएस्सीच्या फिजिक्सवाल्यांना थोडं हलकं पडतं, पण बारावीतून नुकत्याच आलेल्या, गणित कच्चं असलेल्या मुलांना किंवा बायोलॉजी ग्रुपच्या मुलांना फार उपयोगी आहे. युनिव्हर्सिटी फिजिक्स हे २०१६ मध्ये आलेलं, कॅलक्युलस वापरून लिहिलेलं, तीन खंडांचं. पहिल्या खंडात मेकॅनिक्स, ऑसिलेशन्स, वेव्हज आणि साउंड मिळून १७ प्रकरणं, दुसऱ्यात थर्मोडायनामिक्स आणि इलेक्ट्रिसिटी मॅग्नेटिझमची १६, तिसऱ्यात ऑप्टिक्स आणि मॉडर्न फिजिक्सची ११. आपल्या फर्स्ट इयर सेकंड इयरचा बराच भाग यात येतो. मी मुख्यतः पहिले दोन खंड वापरलेत, तिसऱ्यातलं इंटरफेरन्स आणि डिफ्रॅक्शन तेवढं.

वाचायला कसं आहे? सोपं. खरंच सोपं. वाक्यं छोटी आहेत, इंग्रजी सरळ आहे, आमच्याकडची निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेली असतात आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत अंगावर येतं, त्यांनाही हे पुस्तक शब्द अडले तरी वाचता येतं, हे मी समोर बसवून वाचून घेऊन बघितलंय. मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे सोडवलेल्या उदाहरणांची मांडणी. युनिव्हर्सिटी फिजिक्समध्ये प्रत्येक उदाहरणात आधी स्ट्रॅटेजी, मग सोल्यूशन आणि शेवटी सिग्निफिकन्स असे तीन भाग असतात, म्हणजे आकडे घालायच्या आधी हा प्रश्न कोणत्या नियमाने सुटेल आणि का, हे दोन चार ओळीत सांगितलेलं असतं आणि उत्तर आल्यावर त्या उत्तराचा अर्थ काय तेही. आपली मुलं सूत्र शोधून आकडे घालतात आणि उत्तर डबल अंडरलाइन करून मोकळी होतात, ट्रकचं वस्तुमान दोन ग्रॅम आलं तरी त्यांना काही वाटत नाही. तो सिग्निफिकन्सचा भाग मी आता ट्युटोरियलमध्ये मुलांकडून लिहून घेते आणि त्याला वेगळे मार्क ठेवते. पुस्तक बदलल्याने माझ्या शिकवण्यात झालेला सगळ्यात मोठा फरक हाच.

प्रकरणाच्या शेवटी कन्सेप्च्युअल प्रश्न, मग प्रॉब्लेम्स, मग अॅडिशनल आणि चॅलेंज प्रॉब्लेम्स असतात. विषम क्रमांकांची उत्तरं पुस्तकातच मागे आहेत, त्यामुळे सम क्रमांकाची गणितं होमवर्कला देता येतात. सगळी सोल्यूशन्स, स्लाइड्स वगैरे शिक्षकांसाठी वेगळं मिळतं पण त्यासाठी आपण शिक्षक आहोत याची ते पडताळणी करतात. कॉलेजच्या डोमेनचा ईमेल असेल तर ते सोपं जातं, आपल्याकडे बरेच जण साधा जीमेलच वापरतात म्हणून आधी कॉलेजचा ईमेल चालू करून घ्या. आणि कृपा करून ती सोल्यूशन्स मुलांच्या ग्रुपवर टाकू नका, सगळ्या जगातले शिक्षक तीच गणितं वापरतात.

आता खटकणाऱ्या गोष्टी.

उदाहरणं अमेरिकेतली आहेत. बेसबॉल, आइस हॉकी, स्कीइंग. पोरांनी बर्फावरची चकती आयुष्यात बघितलेली नसते, त्यामुळे घर्षण जवळजवळ नसलेला पृष्ठभाग म्हणजे काय हे सांगायला निघालेलं उदाहरणच आधी समजवावं लागतं. दुसरं म्हणजे आपल्या विद्यापीठांचे पेपर डेरिव्हेशनवर चालतात, अमुक सिद्ध करा पाच मार्क, आणि हे पुस्तक गणितं सोडवायला शिकवणारं आहे, काही सिद्धता तिथे दोन ओळीत आटोपलेल्या असतात. जॅम (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) किंवा तशा प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना यातले प्रॉब्लेम्स पुरत नाहीत, त्यांना वरचं काहीतरी द्यावंच लागतं. पीडीएफ आकाराने जड आहेत, गावात रेंज नसलेल्या मुलांना मी पेनड्राइव्हवरून देते. वेबवरची आवृत्ती मात्र मोबाइलवर चांगली दिसते, समीकरणं तुटत नाहीत, आणि बहुतेक मुलांकडे मोबाइलच असतो.

सगळ्यात मोठी तक्रार सिलॅबसची. आमच्या मेकॅनिक्स आणि प्रॉपर्टीज ऑफ मॅटरच्या पेपरला सरफेस टेन्शन आहे आणि युनिव्हर्सिटी फिजिक्सच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या चौदाव्या प्रकरणात बर्नूली आहे, व्हिस्कॉसिटी आहे, टर्ब्युलन्स आहे पण सरफेस टेन्शनचा स्वतंत्र भाग नाही. इलॅस्टिसिटी बाराव्या प्रकरणात आहे पण स्ट्रेस, स्ट्रेन आणि वेगवेगळे मॉड्युलस एवढ्यावर थांबते, बेंडिंग ऑफ बीम आणि कॅन्टिलिव्हर, ज्यावर आपल्याकडे प्रश्न पण येतो आणि प्रॅक्टिकल पण असतं, ते नाही. इथेच बहुतेक सर मंडळी पुस्तक मिटवतात, की सिलॅबसशी जुळत नाही, सोडा.

माझं म्हणणं असं की नेमकं इथेच हे पुस्तक बाकी सगळ्या पुस्तकांपेक्षा वेगळं ठरतं, कारण जुळत नसेल तर जुळवून घ्यायची लेखी परवानगी आधीच दिलेली आहे. सरफेस टेन्शन आणि कॅपिलरी अॅक्शन त्यांच्याच कॉलेज फिजिक्सच्या अकराव्या प्रकरणात आहे. तो भाग मी उचलला, युनिव्हर्सिटी फिजिक्सच्या चौदाव्या प्रकरणाला जोडला, बुडबुड्यातल्या जादा दाबाचं सूत्र तिथे होतंच, आपल्या पेपरला लागते तशी त्याची सिद्धता मी स्वतः लिहून घातली, बीम आणि कॅन्टिलिव्हरच्या माझ्या नोट्स इलॅस्टिसिटीच्या मागे लावल्या, हॉकीच्या चकतीच्या जागी पावडर टाकलेल्या बोर्डवरचा कॅरमचा स्ट्रायकर आला आणि बँकिंग ऑफ रोड्सला घाटातलं वळण घेणारी एसटी. झालं आमच्या पेपरचं पुस्तक. कोणाला पत्र लिहावं लागलं नाही, कोणाची वाट बघावी लागली नाही.

हे चालतं कारण या दोन्ही पुस्तकांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी बाय नावाचं लायसन्स आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सची ही लायसन्स २००२ च्या डिसेंबरात आली, ती वापरून लेखक आधीच सांगून टाकतो की माझ्या कामाचं तुम्ही काय करू शकता. सीसी बायमध्ये कॉपी करा, छापा, वाटा, बदला, भाषांतर करा, अगदी छपाईचे पैसे घेऊन विका, सगळं चालतं, अट एवढीच की मूळ कोणाचं आहे ते सांगायचं, लायसन्सचा उल्लेख करायचा आणि बदल केले असतील तर बदल केलेत हे लिहायचं. ओपनस्टॅक्सची यावर आणखी एक अट आहे, त्यांचं पुस्तक पुढे वाटताना पानापानावर ते ओपनस्टॅक्स डॉट ऑर्गवर मोफत मिळतं ही ओळ ठेवावी लागते. मी ती तळाशी फूटरमध्ये टाकून दिलीय. त्यांचं नाव, लोगो आणि कव्हर मात्र लायसन्समध्ये येत नाही, म्हणून कव्हर आपलं साधं करायचं आणि आत श्रेय द्यायचं.

फुकट मिळणं आणि असं लायसन्स असणं यातला फरक कळायला आपलं घरचं उदाहरण बघा. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, फार चांगली सोय आहे, पण पुस्तक उघडलं की सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय यातला कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. म्हणजे वाचा, पण त्यातलं प्रकरण घेऊन आपल्या मुलांसाठी बदलून परत वाटायचं म्हटलं तर आधी परवानगी मागा. ओपनस्टॅक्समध्ये ती परवानगी पुस्तकातच छापलेली आहे.

आणि झेरॉक्सचं काय, असं कोणी विचारेल. आपली कॉलेजं झेरॉक्सवर चालतात हे सगळ्यांना माहीत आहे. दिल्ली विद्यापीठात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये केस केली होती, प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनाचे कोर्सपॅक झेरॉक्स करून दिले म्हणून. सप्टेंबर २०१६ मध्ये हायकोर्टाने शिकवण्याच्या ओघात केलेल्या अशा प्रती कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातल्या सवलतीत बसतात असा निकाल दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरात डिव्हिजन बेंचने, म्हणजे त्याच कोर्टाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानेही ते तत्त्व उचलून धरलं. विद्यार्थ्यांच्या बाजूने लागलेला मोठा निकाल होता तो, मला आनंदच झाला होता. पण विचार करा, चार चार वर्षं कोर्टात घालवून जे मिळवावं लागलं ते इथे पहिल्या दिवसापासून आहे, आणि त्याहून जास्त आहे, कारण तो निकाल झेरॉक्सपुरता आहे, मजकूर बदलायचा, भाषांतर करून नेटवर टाकायचा हक्क त्यातून मिळत नाही. आमच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या दादांना मी आमचा जोडलेला संच देऊन ठेवलाय, स्पायरल बाइंडिंग करून ते छपाईचा खर्च आणि थोडा नफा घेऊन विकतात, उघडपणे, काउंटरवर ठेवून. मुलांना हातात कागदाचं पुस्तक मिळतं आणि दादांचं दुकान पण चालतं.

एक सावधगिरी. सगळ्या पुस्तकांचं लायसन्स एकसारखं नाही. ओपनस्टॅक्सचं कॅलक्युलस तीन खंडांत आहे आणि आमच्या मॅथ्सच्या मॅडम ते वापरतात, पण त्याचं लायसन्स सीसी बाय-एनसी-एसए आहे, म्हणजे व्यापारी वापर नको आणि तुम्ही बदलून जे कराल तेही त्याच लायसन्सखाली द्यायचं. म्हणून फिजिक्सच्या संचात मॅथ्सचं परिशिष्ट जोडायचा विचार होता तो मी बाजूला ठेवला, दोन वेगळ्या अटी एका बाइंडिंगमध्ये आल्या की नफा घेऊन विकणाऱ्या दादांची पंचाईत होणार. पुस्तकातल्या काही फोटोंचं श्रेयही वेगळं दिलेलं असतं, ते फोटोखालीच असतं, तेवढं बघून घ्या. लायसन्सचा मजकूर सुरुवातीच्या पानांवर असतो, पाच मिनिटांचं वाचन आहे, ते टाळू नका.

केमिस्ट्रीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. जॉन मॅकमरी यांचं ऑर्गेनिक केमिस्ट्री आपल्यातल्या कितीतरी जणांनी कॉलेजात वापरलंय, मोठ्या प्रकाशकाकडचं, वर्षानुवर्षं खपणारं पुस्तक. त्याची दहावी आवृत्ती २०२३ मध्ये ओपनस्टॅक्सवर मोफत आली. मॅकमरींचा मुलगा पीटर सिस्टिक फायब्रोसिसने २०१९ मध्ये गेला, त्याच्या स्मरणार्थ त्यांनी हे पुस्तक सगळ्यांना खुलं केलं. ज्यांना अजून वाटतं की कोणी घेत नाही तेच साहित्य फुकट वाटतात, त्यांनी हे एक पुस्तक उघडून बघावं. याचंही लायसन्स कॅलक्युलससारखंच एनसी-एसए आहे.

आता स्टाफरूमकडे येते, कारण माझ्या मते पुस्तकाची अडचण फार थोडी आहे, खरी अडचण आपल्या सवयीची आणि वेळेची आहे. मी डिपार्टमेंटमध्ये पहिल्यांदा विषय काढला तेव्हा कोणी वाईट बोललं नाही, सगळे हो हो म्हणाले आणि कोणी वापरलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चार लेक्चरं, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, इलेक्शन ड्युटी, यातून नवीन पुस्तक वाचून सिलॅबसशी जुळवणार कधी? प्राचार्यांकडून परिपत्रक काढून किंवा एक दिवसाचं वेबिनार घेऊन, सर्टिफिकेट वाटून हे होत नाही हे मी बघितलंय. जेव्हा मी एका सरांना त्यांच्याच पेपरचं एक युनिट, थर्मोडायनामिक्सचा पहिला नियम, त्यांच्या सिलॅबसच्या क्रमाने लावून, मागच्या पेपरमधले प्रश्न शेवटी जोडून हातात दिलं तेव्हा त्यांनी ते पुढच्याच आठवड्यात वर्गात वापरलं, आणि पुढचं युनिट स्वतः लावलं. ऐकून कोणी बदलत नाही, तयार हातात मिळालं आणि वर्गात चाललं की माणूस बदलतो.

बाहेरच्या देशांतही ज्यांनी हे नीट केलं त्यांनी असंच केलेलं दिसतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने २०१२ मध्ये सगळ्यात जास्त विद्यार्थी असलेल्या ४० विषयांसाठी खुली पुस्तकं करायची ठरवलं तेव्हा बीसीकॅम्पस या तिथल्या उच्च शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेने प्राध्यापकांना आधी असलेली पुस्तकं वाचून रिव्ह्यू लिहायला सांगितलं आणि त्याचं मानधन दिलं. मिनेसोटा विद्यापीठाची ओपन टेक्स्टबुक लायब्ररी त्याच वर्षीची, तिथेही हाच मार्ग, वर्कशॉपला या, आपल्या विषयाचं एक पुस्तक वाचा, चांगलं वाईट जे असेल ते लिहा, थोडे पैसे घ्या. ते रिव्ह्यू सगळ्यांना वाचता येतात, वाईट असले तरी. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. वापराच असा आग्रह नाही, वाचून मत द्या एवढंच मागितलंय, आणि प्राध्यापक माणसाला मत द्यायला आवडतं, ते देताना पुस्तक आपोआप वाचून होतं. आपल्या एखाद्या विद्यापीठाने किंवा अभ्यास मंडळाने प्रत्येक विषयाला पाच शिक्षकांना थोडं मानधन देऊन एवढंच करून घेतलं तरी केवढं काम होईल.

मुलांना फायदा होतो का याचा पुरावा मागणाऱ्यांसाठी: जॉर्जिया विद्यापीठातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, ८ कोर्सेस, २१,८२२ विद्यार्थी, ज्या कोर्समध्ये विकतच्या पुस्तकाऐवजी ओपनस्टॅक्सचं पुस्तक लावलं तिथे आधीच्या आणि नंतरच्या निकालांची तुलना केली होती. सरासरी ग्रेड वाढली, नापास होणारे आणि कोर्स मध्येच सोडणारे कमी झाले, आणि पेल ग्रँट घेणाऱ्या म्हणजे गरीब घरच्या विद्यार्थ्यांत आणि पार्ट टाइम शिकणाऱ्यांत हा फरक जास्त दिसला. तिथलं शिक्षण वेगळं, तिथल्या पुस्तकांच्या किमती वेगळ्या, आपल्याकडे अगदी तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या हातात तेच पुस्तक असलं की वर्ग कसा बदलतो ते मी रोज बघते. पान नंबर सांगितला की सगळे ते पान उघडतात. हे आधी कधी होत नव्हतं.

या कामाचे प्रमोशनसाठी पॉइंट मिळतात का, हा प्रश्न कोणी विचारला तर मी त्याला स्वार्थी म्हणत नाही, प्रमोशन सगळ्यांनाच हवं असतं. यूजीसीच्या २०१८ च्या रेग्युलेशनमधल्या रिसर्च स्कोअरच्या तक्त्यात भाषांतरित पुस्तकाला ८ आणि भाषांतरित प्रकरणाला ३ पॉइंट आहेत, ई-कंटेंटच्या एका मॉड्युलला ५. तयार खुलं पुस्तक आपल्या सिलॅबसला जुळवून घेतलं, त्यात महिना दीड महिना घातला, याला मात्र त्या तक्त्यात सरळ जागा नाही, आणि ही मला मोठी उणीव वाटते, कारण मुलांच्या रोजच्या उपयोगाचं काम तेच आहे. आपलं काम यातल्या कशात बसेल ते आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या कोऑर्डिनेटरना आधीच विचारून ठेवा.

भाषांतराचं निघालंच आहे तर, माझा सगळ्यात जास्त जीव त्यात आहे. पोलंडमध्ये याच युनिव्हर्सिटी फिजिक्सचे तिन्ही खंड पोलिशमध्ये झालेत, स्पॅनिशमध्येही आलंय. मराठीत का नाही? विद्यापीठ पातळीची विज्ञानाची पुस्तकं मराठीत करायचं काम नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने एकेकाळी केलेलं आहे, शब्द भाषा संचालनालयाच्या भौतिकशास्त्र परिभाषा कोशात तयार आहेत, परवानगी लायसन्सनेच दिलीय. राहतात ती माणसं आणि संध्याकाळचे दोन तास. मी सुरुवात छोटी केलीय, प्रत्येक प्रकरणाचा सारांश आणि त्यातल्या व्याख्या मराठीत, शेजारी इंग्रजी, म्हणजे मुलाला कल्पना मराठीत कळेल आणि पेपर इंग्रजीत लिहिता येईल. इलॅस्टिसिटी आणि फ्लुइड्सचं झालंय, ते मी सीसी बायवरच ठेवलंय, कोणीही घ्या, चुका सापडल्या तर दुरुस्त करून पुढे द्या. याच्याबरोबर कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग वापरा, नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प आहे, तीही मोफत आहेत आणि त्यातली बरीच मराठीत उघडतात. कपॅसिटरचं सिम्युलेशन मराठीत प्रोजेक्टरवर लावलं तर मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी मुलं सुद्धा बोलायला लागतात, प्लेट अजून लांब न्या ना मॅडम, म्हणून.

तर पाचपैकी मार्क द्यायचे तर युनिव्हर्सिटी फिजिक्सला पहिल्या दोन खंडांसाठी चार, एक मार्क डेरिव्हेशन आणि वरच्या पातळीच्या गणितांचा कापला. लायसन्सला पाचपैकी पाच.

ज्यांना पुढच्या सेमिस्टरला करून बघायचंय त्यांनी सगळं पुस्तक बदलायला जाऊ नका, एकच युनिट घ्या. मेकॅनिक्सवाल्यांनी वर्क एनर्जी घ्यावं, पहिल्या खंडाचं सातवं आणि आठवं प्रकरण, ते आपल्या सिलॅबसशी बरंच जुळतं आणि उदाहरणं फार चांगली आहेत. इलेक्ट्रिसिटीवाल्यांनी दुसऱ्या खंडातलं सहावं, गॉसचा नियम, आकृत्यांसाठी तरी बघाच. इलेक्ट्रॉनिक्स, बॉटनी, इकॉनॉमिक्स, कॉमर्स, ज्यांनी कोणी आपल्या विषयाचं खुलं पुस्तक वर्गात लावून बघितलं असेल त्यांनी असंच मोकळेपणाने लिहा, कुठलं प्रकरण जुळलं, कुठलं टाकून द्यावं लागलं. अकाउंटिंग आणि स्टॅटिस्टिक्सबद्दल आमच्या कॉमर्सच्या मॅडम विचारतायत आणि त्यांना सांगायला माझ्याकडे वर्गातला अनुभव नाही.